जुनापाणीच्या शिळाराशी आणि त्यांच्या उगमाच्या कथा

(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या देवळाच्या उभारणीची हकीकत ह्या महोत्सवांत आपण ऐकली. पाया कधीं घातला, घंटा केव्हां चढविली, पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, हें सारें वहींत लिहिलेलें असतें, म्हणून तें पुढच्या पिढीस सांगतां येतें. आज आम्ही ज्या कामाविषयीं बोलणार आहों, त्याची नोंद कोणत्याही वहींत नाहीं. त्याचा पाया घालणारे कोण होते हें सांगणारा एकही मनुष्य उरलेला नाहीं. उरले आहेत ते दगड, आणि त्या दगडांभोंवतीं लोकांनीं रचलेल्या कथा. ह्या दोहोंतून सत्य किती निघतें आणि त्यापासून आपण काय घ्यावें, एवढाच आमच्या भाषणाचा विषय आहे.

नागपूर शहराहून काटोलच्या रस्त्यानें निघालें म्हणजे सुमारें दहा किलोमीटरांवर जुनापाणी नांवाचें ठिकाण लागतें. तेथील खडकाळ माळावर काळ्या दगडाचे मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडून ठेवलेले दिसतात. वर्तुळाच्या आंतली जागा भोंवतालच्या जमिनीहून किंचित् उंच असून ती दगडगोटे, मुरूम आणि काळी माती ह्यांनीं भरलेली असते. मधली भर ही खरी रास, आणि भोंवतालचे धोंडे हें त्या राशीचें कुंपण. अशीं सुमारें तीनशें वर्तुळें ह्या एकाच परिसरांत मोजण्यांत आलीं आहेत. कांहीं लहान, तर कांहीं दहा-पंधरा मीटर रुंदीचीं. कित्येक धोंड्यांवर लहानशा वाटीच्या आकाराचे खळगे ओळीनें कोरलेले आहेत. वारा-पावसानें झिजून एखाददुसरा खळगा पडावा, तसे हे नव्हेत. ते मनुष्याच्या हातानें मुद्दाम पाडलेले आहेत, हें पाहणाराच्या सहज ध्यानांत येतें. अशा शिळाराशी जुनापाणीसच आहेत असें नाहीं. माहुरझरी, टाकळघाट, खापा, नायकुंड, अशा विदर्भांतील पुष्कळ गांवांच्या शिवारांत त्या आढळतात.

आतां ह्या राशी कोणीं घातल्या? आसपासच्या लोकांस हा प्रश्न विचारला असतां पूर्वीं एक ठराविक उत्तर मिळे, व एकोणिसाव्या शतकांतील सरकारी अधिकाऱ्यांनीं तें नमूद करून ठेविलें आहे. लोक म्हणत, हे गवळ्यांचें काम. गोंड राजे येण्याच्या आधीं ह्या मुलखावर गवळ्यांचें राज्य होतें. त्यांचे कळप अगणित होते. हीं वर्तुळें म्हणजे त्यांचे तळ, कोणी म्हणत त्यांचीं थडगीं. गवळी राजांची कथा ह्या भागांत खोल रुजलेली आहे. देवगडचें गोंड घराणें ज्या जाटबा नांवाच्या पुरुषानें सोळाव्या शतकांत नांवारूपास आणिलें, त्यानेंही गवळी राजांचाच पाडाव करून गादी मिळविली, अशी आख्यायिका आहे. गोल मांडलेले धोंडे पाहून गुराख्याच्या मनांत गोठा किंवा वाडा यावा, हेंही स्वाभाविक आहे. मनुष्य अनोळखी वस्तु पाहतो तेव्हां आपल्या घरांतल्या वस्तूशींच तिची तुलना करतो.

दुसऱ्या प्रांतांत गेलें म्हणजे कथा बदलते, पण कथेची घडण बदलत नाहीं. कर्नाटकांत हिरेबेनकल येथें टेंकडीवर मोठाल्या शिळांच्या खोल्या उभ्या आहेत. तेथील लोक म्हणतात, हीं मोरियर नांवाच्या ठेंगण्या लोकांचीं घरें. तामिळ मुलखांत अशाच जागांस पांडवांचें नांव जोडलें गेलें आहे. केरळांत कांहीं शिळा छत्रीसारख्या दिसतात, म्हणून त्यांस छत्रीचा दगड म्हणतात, आणि कांहीं टोपीसारख्या दिसतात, म्हणून टोपीचा दगड. आपल्या महाराष्ट्रांतही हीच रीति आहे. नाशिकजवळचीं लेणीं बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेलीं, आणि तेथील शिलालेख तसें स्पष्ट सांगत असतां लोकांच्या तोंडीं मात्र तीं पांडवलेणीं झालीं. भिंतीवर लेख असूनही कथा त्याच्यावर मात करते; मग जेथें लेखच नाहीं, तेथें कथेस अडविणार कोण?

परंतु येथें आम्हांस एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. कथा रचण्याचा हा स्वभाव केवळ खेड्यांतल्या अशिक्षित मनुष्याचा आहे, असा समज कोणीं करून घेऊं नये. इंग्रज अधिकारी व विद्वान् ह्या राशी पाहावयास आले, तेव्हां त्यांनींही तेंच केलें. त्यांच्या देशांत दगडांचीं वर्तुळें आहेत. तीं ड्रुइड नांवाच्या प्राचीन पुरोहितांचीं, असें त्यांच्या इकडे पुष्कळ दिवस समजत. म्हणून येथील वर्तुळें पाहतांच कोणास ड्रुइड आठवले. कोणी म्हणाले, हे मध्य आशियांतून आलेल्या शक लोकांचें काम. निजामाच्या राज्यांत नोकरीस असलेले मेडोज टेलर ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिणेंतील अशा राशी खणून त्यांचीं मोजमापें व चित्रें काढलीं, आणि युरोपांतील राशींशीं त्यांचें साम्य दाखविलें. सनदी अधिकारी रिव्हेट-कार्नॅक ह्यांनीं जुनापाणीचीं वर्तुळें उकरून १८७९ सालीं त्यांचें वर्णन छापलें, आणि धोंड्यांवरील खळग्यांचा मेळ इंग्लंड-स्कॉटलंडांतील खळग्यांशीं घालूं पाहिला. त्यांचे श्रम मोठे व मोजमापें मोलाचीं. तथापि गुराख्यास गवळी दिसला आणि साहेबास ड्रुइड दिसला, ह्या दोहोंत स्वभावाचा फरक फारसा नाहीं. फरक आहे तो एवढाच कीं, साहेबानें हातांत कुदळ घेतली आणि जें सांपडलें तें लिहून ठेविलें. त्या लिहिण्यामुळेंच पुढें त्याचें अनुमान तपासून पाहतां आलें.

ह्या शिळाराशींशीं एका मिशनऱ्याच्या मृत्यूची हकीकत निगडित आहे. ते गृहस्थ आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, तरी ती ह्या सभेंत सांगणें आम्हांस योग्य वाटतें. स्टीफन हिस्लॉप ह्यांचा जन्म १८१७ चा. स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीनें ते १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांनीं शाळा चालविली. गोंड व इतर वन्य जमातींच्या चालीरीती, भाषा आणि गाणीं टिपून ठेविलीं. नागपूरच्या आसपासच्या खडकांतील जीवाश्म गोळा करून त्यांवर लेख लिहिले. १८६३ सालच्या सप्टेंबरच्या ४ तारखेस ते मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल ह्यांच्यासमवेत टाकळघाट येथील शिळावर्तुळें पाहावयास गेले होते. तेथील पाहणी झाल्यावर गांवच्या शाळेंतील मुलांची परीक्षा घेण्यासाठीं ते मागें राहिले, आणि सायंकाळीं एकटेच घोड्यावरून बोरीच्या मुक्कामाकडे निघाले. पावसाळ्याचे दिवस; वाटेंतला नाला फुगलेला. त्या नाल्यांत बुडून त्यांचा अंत झाला.

आपल्या मुलखांत भर पावसाळ्यांतला नाला काय असतो, हें येथें बसलेल्यांपैकीं कोणास सांगावयास नको. सकाळीं घोट्याएवढें पाणी असलेला ओढा सांजेस मनुष्याच्या डोक्यावरून जातो. हिस्लॉप ह्यांच्या बरोबर त्यांच्या मनांत असलेलें, पण कागदावर न उतरलेलें, केवढें तरी ज्ञान त्या पाण्यांत गेलें असेल! जें त्यांनीं लिहून ठेविलें होतें, तें टेम्पल ह्यांनीं १८६६ सालीं छापविलें, म्हणून तें आज आपणांस वाचावयास मिळतें. नागपुरांत त्यांच्या नांवाचें महाविद्यालय १८८३ सालीं निघालें. मेलेल्यांच्या राशी पाहावयास गेलेला, आणि परततांना जिवंत मुलांसाठीं थांबलेला हा मनुष्य आम्हांस फार आदरणीय वाटतो.

आतां कुदळीनें काय सांगितलें तें पाहूं. स्वातंत्र्यानंतर आपल्याच देशांतील विद्वानांनीं हें काम पद्धतशीरपणें हातीं घेतलें. १९६१-६२ सालीं बा. कृ. थापर ह्यांनीं जुनापाणीस उत्खनन केलें. पुढें नागपूर विद्यापीठाच्या वतीनें शां. भा. देव ह्यांनीं १९६८-६९ सालीं टाकळघाट व खापा येथें, आणि त्यानंतर लवकरच माहुरझरीस उत्खनन केलें. सत्तरीच्या अखेरीस नायकुंडची पाळी आली. ह्या सर्व ठिकाणीं राशींच्या तळाशीं जें मिळालें, त्यावरून त्या राशी म्हणजे थडगीं होत, ह्याविषयीं संशय उरला नाहीं. मनुष्याच्या हाडांचे अवशेष मिळाले. आंतून काळीं व बाहेरून तांबडीं अशीं मडकीं मिळालीं. लोखंडाच्या कुऱ्हाडी, सुरे, छिन्न्या, आणि घोड्याच्या तोंडांतील लगामाच्या कड्या मिळाल्या. कुऱ्हाडीचें पातें दांड्यास आवळून बांधण्याकरितां त्यावर आडव्या पट्ट्या बसविलेल्या आहेत. असें कसब ज्याच्या हातीं होतें तो लोहार कच्चा नव्हे. माहुरझरीस घोड्याच्या तोंडावर बांधावयाचें तांब्याच्या पत्र्याचें आभूषण मिळालें, आणि मालकाबरोबर घोडाही पुरला जात असे, असें दिसून आलें. नायकुंडास लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष सांपडले, तेव्हां हें लोखंड परदेशाहून आणलेलें नसून ह्याच मातींत गाळलेलें होतें, हें सिद्ध झालें.

ह्या थडग्यांचा काळही आतां ठरविण्यांत आला आहे. जळक्या लांकडाच्या कोळशांतील कर्बाचें मापन करून काळ काढण्याची जी रीत आहे, तिच्यायोगें हीं वस्ती व थडगीं ख्रिस्तजन्मापूर्वीं सुमारें आठव्यापासून पांचव्या शतकापर्यंतचीं ठरतात. म्हणजे अडीच हजार वर्षांहून अधिक काळ हे धोंडे ऊन-पाऊस सोशीत तेथें बसून आहेत. त्या वेळीं आपल्या प्रभूचा जन्म व्हावयास कित्येक शतकें होतीं. यिर्मया संदेष्टा यरुशलेमेसाठीं अश्रु ढाळीत होता तोही ह्याच शतकांमध्यें.

मग गवळ्यांची कथा खोटी ठरली काय? ह्याचें उत्तर घाईनें देऊं नये, अशी आमची विनंति आहे. गवळी राजांचें नांव व हे धोंडे ह्यांचा प्रत्यक्ष संबंध जोडावयास पुरावा नाहीं. गोंड राज्याच्या पूर्वींचा काळ म्हणजे लोकांच्या आठवणीचा शेवटचा कांठ. त्या कांठावर त्यांस गवळी उभे दिसले, म्हणून त्यांच्या पलीकडचें सर्व कांहीं त्यांच्याच नांवें जमा झालें. स्मृति जेथें संपते तेथें ती आपल्याजवळचें जुन्यांत जुनें नांव उचलते. कोठें तें नांव गवळ्यांचें, कोठें पांडवांचें, कोठें ठेंगण्या मोरियरांचें. तेव्हां ‘हें गवळ्यांनीं केलें’ ह्या वाक्याचा सरळ अर्थ, ‘हें आमच्या आधींच्यांनीं केलें, आणि ते आमच्यापैकीं नव्हते,’ इतकाच घ्यावा. तेवढा अर्थ घेतला तर कथा खरी आहे.

शिवाय आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. उत्खननांत गुरांचीं, शेळ्यामेंढ्यांचीं हाडें मिळालीं; घोड्यांचा मान तर आपण पाहिलाच. थडगीं पुष्कळ आणि त्यांच्या मानानें वस्तीच्या खुणा थोड्या, हें पाहून कांहीं संशोधक म्हणूं लागले कीं, हे लोक थोडी शेती करीत, पण त्यांचें मुख्य धन जनावरें हेंच असावें, आणि वर्षांतला कांहीं काळ ते कळपांमागें हिंडत असावेत. ह्या मताविषयीं विद्वानांत वाद आहे. तरीपण गुराख्याच्या तोंडच्या कथेंत गुरें राखणारे लोक असावेत, आणि विद्वानाच्या अनुमानांतही गुरें राखणारेच लोक यावेत, हें पाहून आम्हांस असें वाटतें कीं, लोककथा ही हंसण्याची वस्तु नव्हे. तिला साक्षीदार म्हणून उभें करावें, तिची उलटतपासणी करावी, आणि ती जेवढें खरें सांगेल तेवढें घ्यावें.

आपल्या पवित्र शास्त्रांतही दगडांच्या राशी ठिकठिकाणीं आल्या आहेत, आणि त्यांकडे पाहिलें म्हणजे ह्या विषयावर मोठा प्रकाश पडतो. याकोब आणि लाबान ह्यांनीं आपला तंटा मिटवून दगडांची रास घातली व तिच्यापाशीं भोजन केलें. त्या एकाच राशीस लाबानानें आपल्या अरामी भाषेंत एक नांव दिलें, आणि याकोबानें आपल्या भाषेंत गलेद हें दुसरें नांव दिलें. दोन्ही नांवांचा अर्थ साक्षीची रास असाच. तरी रास घालतांना दोघे समोरासमोर असूनही नांवें दोन झालीं. आखान ह्याला शिक्षा झाली तेव्हां त्याच्या देहावर दगडांची रास केली, आणि अबशालोम पडला तेव्हां त्याच्यावरही रास केली. पण त्या राशी सन्मानाच्या नव्हत्या. पाहणाराच्या डोळ्यांस मात्र सर्व राशी सारख्याच. कोणती कराराची, कोणती मानाची, कोणती अपमानाची, हें दगड स्वतः सांगत नाहींत.

म्हणूनच यहोशवाची गोष्ट विशेष मननीय आहे. इस्राएल लोक यार्देन नदी उतरून आले तेव्हां त्यानें नदीच्या पात्रांतून बारा दगड आणवून ते गिलगाल येथें उभे केले. परंतु दगड उभे करून तो थांबला नाहीं. पुढें मुलें विचारतील कीं ह्या दगडांचा अर्थ काय, तेव्हां बापांनीं त्यांस नदी कशी दुभंगली तें सांगावें, अशी आज्ञा त्यानें त्याच वेळीं देऊन ठेविली. दगड टिकतो, पण बोलत नाहीं. मनुष्य बोलतो, पण टिकत नाहीं. ह्या दोहोंची सांगड घातली तरच स्मारक होतें. जुनापाणीच्या लोकांनींही आपल्या मुलांस कांहींतरी सांगितलें असेलच. एवढाले धोंडे ढकलीत आणून, बहुमोल लोखंड मेलेल्याबरोबर मातींत ठेवणारे लोक मुक्यानें खचित परतले नसतील. पण कोठें तरी एका पिढीनें विचारलें नाहीं, किंवा एका पिढीनें सांगितलें नाहीं, आणि धागा तुटला. त्या मृतांपैकीं एकाचेंही नांव आज कोणास ठाऊक नाहीं. देवास तीं सर्व ठाऊक आहेत, अशी आपली श्रद्धा आहे, आणि नोव्हेंबरांत आपण मृतांसाठीं प्रार्थना करतों तेव्हां ज्यांचें स्मरण करणारा कोणी नाहीं त्यांचीही आठवण ठेवतों.

मेलेल्यासाठीं शिळा उभी करण्याची चाल अगदींच लोपली आहे, असें मात्र नाहीं. गडचिरोली व बस्तर भागांतील माडिया लोकांत ती आपल्या काळापर्यंत चालत आली आहे. तेथें शिळेचा अर्थ पुस्तकांत शोधावा लागत नाहीं. ती कोणाची तें त्याच्या घरची माणसें सांगूं शकतात.

आतां थोडें कर्तव्याविषयीं. जुनापाणीच्या शिळाराशी केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित स्मारकांत आहेत. परंतु विदर्भांतील अशा राशी शेंकड्यांनीं विखुरलेल्या आहेत, आणि त्यांपैकीं कित्येक नांगराखालीं, रस्त्याच्या खडींत व घरांच्या जोत्यांत नाहींशा झाल्या. शहर वाढतें, मुरूम खणला जातो, आणि ज्या धोंड्यास अडीच हजार वर्षांत कोणीं हात लावला नाहीं तो एका दुपारांत उचलला जातो. त्यामागें बहुधा दुष्टपणा नसतो. तो धोंडा म्हणजे कोणाच्या तरी बापाचें किंवा लेकराचें थडगें आहे, हें उचलणाऱ्यास कोणीं सांगितलेलें नसतें. तेव्हां आमचें पहिलें मागणें असें कीं, शेतांत किंवा माळावर गोल मांडलेले असे धोंडे आढळले, तर ते हलवूं नयेत, आंत धन असेल ह्या आशेनें खणूं नये, व तहसील कचेरीस किंवा पुरातत्त्व विभागास कळवावें. त्यांत सोनेंनाणें शोधणाऱ्याच्या पदरीं फुटकीं खापरेंच पडतात. पण त्याच्या कुदळीनें जी माहिती मोडते ती पुन्हां जुळत नाहीं.

दुसरें मागणें आपल्या स्वतःच्या घराविषयीं आहे. आपल्या धर्मग्रामांतील वृद्ध मंडळींस अनेक गोष्टी ठाऊक आहेत, ज्या कोणत्याही वहींत नाहींत: वेशीवरचा क्रूस कोणत्या सांथीनंतर उभा राहिला, जुन्या विहिरीचें पाणी कोणत्या घरानें सर्वांसाठीं खुलें केलें, कोणतें कुटुंब कोठून व कां आलें. महोत्सवाच्या निमित्तानें तरुणांनीं त्यांच्याजवळ बसावें, विचारावें आणि लिहून घ्यावें. लिहितांना डोळ्यांनीं पाहिलेलें एका बाजूस आणि कानांनीं ऐकलेलें दुसऱ्या बाजूस ठेवावें, व कोणीं सांगितलें त्याचें नांव आणि तारीख घालावी. दोन वृद्धांच्या हकीकती जुळल्या नाहींत, तर एक खोडूं नये, दोन्ही ठेवाव्या. लाबानाचें नांव आणि याकोबाचें नांव, दोन्ही शास्त्रांत ठेविलेलीं आहेत. अद्भुत वाटणारी कथाही टाकूं नये, आणि ती इतिहास म्हणून खपवूंही नये. आपल्या श्रद्धेस खोट्या टेंकूची गरज नाहीं. सत्य तपासून घेतल्यानें ती दुबळी होत नाहीं.

आज आपण आपल्या देवळाच्या पायाकडे अभिमानानें पाहतों. ह्या देवळाचे दगडही पुष्कळ वर्षें टिकतील, आणि पुढें कोणी लहान मूल बापाचा हात धरून विचारील कीं, हे दगड येथें कोणीं आणले व कां आणले. त्या वेळीं त्या बापाजवळ खरें उत्तर असावें, ह्याची तजवीज आपल्या पिढीनें करून ठेवावयाची आहे. ती आपल्या हातून घडो, अशी परमेश्वराजवळ प्रार्थना आहे.